भाऊजींनी न पाहिलेला शेवट

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, व्यवसायाने प्लंबर आणि वृत्तीने चित्रपटरसिक. या दोहोंत आधी काय आणि नंतर काय, हे ठरवणे अवघड आहे. शुक्रवारी पहिल्या खेळाच्या वेळेस कुणाच्या घरात घोटाभर पाणी साचले तरी भाऊजी येत नाहीत, हे आमच्या वस्तीत सर्वांना मान्य आहे. लोक मुख्य व्हॉल्व्ह बंद करतात आणि खेळ सुटण्याची वाट पाहतात. भाऊजींना सगळे ‘पहिला खेळ’ म्हणतात, तोंडावरसुद्धा, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

त्यांच्या रसिकतेला शिस्त होती, आणि शिस्तीची मला प्रथमपासून ओढ असल्यामुळे मी तिच्याकडे आदराने पाहत असे. शनिवारी सकाळी इमारतीच्या दाराशी असलेल्या सिमेंटच्या ओट्यावर ते आपले मत देत. तेथे कथा सांगायची नाही, फक्त मत. दुपारी वरच्या मजल्यावर, माझ्या बहिणीच्या पलंगाशी, ते कथा सांगत. तेथे मत द्यायचे नाही, फक्त कथा. पण ती पहिल्या दृश्यापासून अखेरच्या नामावलीपर्यंत. खाली न्यायाधीश, वर साक्षीदार. या दोन कामांची त्यांनी कधी सरमिसळ केल्याचे मला आठवत नाही.

बहिणीच्या पाठीच्या कण्याचे दुखणे जुने आहे. उशांच्या आधाराने ती बसू शकते, खिडकीतून रस्ता पाहू शकते. पण जिना उतरणे तिला शक्य नाही आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. पूर्वी दोघे जोडीने चित्रपटाला जात. आता ते जातात आणि ती शनिवार दुपारची वाट पाहते. मी तळमजल्यावर एकटा राहतो; तेव्हा सकाळी ओट्यावर आणि दुपारी वर, दोन्ही ठिकाणी माझी हजेरी असे.

गेल्या काही महिन्यांतील चित्रपटांबद्दल त्यांची मते फारशी अनुकूल नव्हती. एका शनिवारी शेजारच्या शिंप्याने विचारले, “काय हो पहिला खेळ, तो भुताचा कसा आहे?”

“भूत कुठलं आलंय त्यात. न्हाणीघरातला नळ ठिबकतोय आणि ती बाई चादरीत थरथरतेय. वॉशर बदला म्हणावं. एका वॉशरचं भूत अडीच तास ताणलंय.”

“आणि तो मारामारीचा? माझा जावई तीनदा बघून आला.”

“जावई तुमचा आहे, मी काय बोलणार. अहो, हिरो पाइप घेऊन अख्खी टोळी लोळवतो. पाइप प्लास्टिकचा, वरून काळा रंग फासलेला. पहिल्याच टाळक्यावर चिरला असता. आणि धरलाय कसा, तर लाटणं धरल्यासारखा. पोळ्या करणार होता की काय?”

ओट्यावर हशा पिकला. दुसरा एक चित्रपट, ज्याची वर्तमानपत्रांनी भरभरून स्तुती केली होती, त्याविषयी ते म्हणाले, “पहिला भाग झकास. मध्यंतराच्या सांध्यात गळतो. दुसऱ्या भागात प्रेशरच नाही, पाणी वरच्या मजल्यापर्यंत चढतच नाही.” मी पुढे तो चित्रपट पाहिला. त्याचे याहून नेमके परीक्षण मला अद्याप वाचायला मिळालेले नाही.

त्यानंतरच्या शनिवारी मात्र वेगळेच घडले. आदल्या दिवशी वृद्ध दांपत्याचा एक चित्रपट लागला होता. पत्नी अंथरुणाला खिळलेली आणि पती तिची शुश्रूषा करणारा, एवढे भित्तिपत्रकावरूनच कळत होते. शिंप्याने नेहमीप्रमाणे विचारले. भाऊजी म्हणाले, “बघू नका.”

“वाईट आहे का?”

“वाईट म्हटलं का मी?”

“मग काय गळतंय त्यात?”

“काही गळत नाही. बघू नका म्हणालो ना.” आणि ते कामाची पिशवी उचलून चालते झाले. आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. कारण न देता निकाल देण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

दुपारी मी वर गेलो तेव्हा मात्र गडी पूर्ववत होता. खुर्ची उलटी फिरवून, तिच्या पाठीवर कोपरे टेकून त्यांनी कथा सुरू केली होती. माझी भाची, जी औषधांच्या दुकानात कामाला आहे, ती चहा ओतत होती. म्हाताऱ्याच्या हातून दूध कसे उतू जाते, पत्नीचे केस विंचरताना तो फणी कशी उलटी धरतो, शेजारीण दारातून कशी डोकावते, सारे त्यांनी नकलेसकट सांगितले. बहीण एकदा हसत होती, एकदा डोळे पुसत होती.

“मग एके दिवशी,” भाऊजी म्हणाले आणि थांबले. त्यांनी चहाचा घोट घेतला. “मग एके दिवशी तो कपाटातून तिची शाल काढतो. घडी घालतो. बॅगेत ठेवतो.”

“कुठं निघाला?” बहिणीने विचारले.

“निघाला नाही. बॅग बाजूला ठेवतो आणि खाली जातो, जिन्यापाशी. कठड्याला पाइप बसवतो. दीड इंची, लोखंडी. त्यावर कप्प्या, कप्प्यांना दोर आणि दोराला खुर्ची. हातानं दोर सोडत गेलं की खुर्ची सरकत खाली. तिला बसवतो, शाल पांघरतो आणि घेऊन जातो रस्त्यावर. संपला.”

“एवढ्यात?”

“रस्त्यावर पोचले ना. आणखी काय पाहिजे?”

बहिणीने अगदी हळू विचारले, “अहो, आपल्या जिन्याला बसेल का तसं?”

“चित्रपट आहे तो,” भाऊजी म्हणाले आणि कप घेऊन स्वयंपाकघरात गेले.

चित्रपट आहे म्हणून गोष्ट तेथेच संपायला हवी होती. ती संपली नाही. बहिणीने त्या खुर्चीचा ध्यासच घेतला. माझ्यापाशी तिने चौकशी केली की कठडा मजबूत आहे का. भाचीला तिने जिन्याचे वळण पाहून यायला सांगितले. आमच्या इमारतीसमोर एका वेल्डरचे दुकान आहे. त्याला सगळे ‘ठिणगी’ म्हणतात. त्याला तिने खिडकीतून हाक मारून वर बोलावले. तो डोके खाजवत म्हणाला, “वहिनी, तोंडी सांगण्यावरून नाही जमायचं. एकदा डोळ्यानं दिसली ना ती खुर्ची, की हुबेहूब करून देतो. वेल्डिंगची मजुरी नको, फक्त पहिल्या फेरीला मला बसवा.”

“तुम्ही बसलात तर इमारत खाली येईल,” बहीण म्हणाली. कित्येक महिन्यांत तिला असे बोलताना मी ऐकले नव्हते.

भाऊजींसमोर हा विषय निघाला की ते काहीतरी काम काढून उठत. “त्यांच्या जिन्याला वळणच नव्हतं,” असे एकदा म्हणाले. “त्यांच्याकडं छत उंच होतं,” असे दुसऱ्यांदा. मला हे विसंगत वाटले, परंतु अडचणी मोजणे हा त्यांच्या व्यवसायाचाच भाग असल्याने मी त्यावर अधिक विचार केला नाही.

काही आठवड्यांनी तो चित्रपट घरी पाहण्यासाठी उपलब्ध झाला. भाचीने बातमी गुप्त ठेवली. रविवारी दुपारी भाऊजींना बेकरीतून बोलावणे आले, तेथील पाइप फुटला होता. ते जाताच तिने टीव्ही पलंगाच्या पायथ्याशी आणून ठेवला, मला आणि ठिणगीला बोलावले आणि आईला म्हणाली, “आई, आज तुझी खुर्ची बघायची. बाबा येतील तेव्हा त्यांना मापंच दाखवू.”

चित्रपट सुरू झाला. ते दोन तास मी विसरणार नाही. आरंभी तर आनंदच होता, कारण प्रत्येक दृश्य बहिणीला पाठ होते. “आता दूध उतू जाईल,” ती म्हणे आणि दूध उतू जाई. “आता फणी उलटी.” फणी उलटी. ठिणगी चकित होऊन म्हणाला, “वहिनी, तुम्हीच लिहिलाय की काय?” ती म्हणाली, “आमच्या घरी पहिला खेळ असतो, तुम्हाला काय ठाऊक.” तिच्या आवाजात अभिमान होता. भाऊजींचा एक शब्द, एक हावभाव कमीजास्त नव्हता. मी मनोमन त्या माणसाच्या प्रामाणिकपणाला दाद देत होतो.

मग म्हाताऱ्याने कपाटातून शाल काढली. घडी घातली. बॅगेत ठेवली.

“आता बघा,” बहीण म्हणाली. “आता तो जिन्यात जाईल.”

ठिणगी पुढे सरकून बसला. पडद्यावरचा म्हातारा जिन्यात गेला नाही. त्याने बॅगेत औषधे ठेवली, चष्मा ठेवला आणि बॅगेची चेन ओढून लावली. खाली एक टॅक्सी येऊन थांबली.

“टॅक्सी नव्हती यात,” बहीण म्हणाली.

म्हाताऱ्याने पत्नीला पाठीवर घेऊन जिना उतरवला. टॅक्सी एका मोठ्या, स्वच्छ इमारतीसमोर थांबली. एका खोलीत ओळीने पलंग होते. त्यांतल्या एकावर त्याने तिला निजवले, शाल पायांवर पसरली. तिने विचारले, पुन्हा कधी याल? तो म्हणाला, उद्या.

याच वेळी मला पाठीमागे ओल्या बुटांचा आवाज आला. भाऊजी दारात उभे होते. हातात पिशवी, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या. भाची चटकन उठून टीव्ही बंद करायला गेली. बहिणीने तिचा हात धरला. “असू दे.”

आम्ही सर्वांनी शेवट पाहिला. म्हातारा घरी येतो. दिवा लावत नाही. आजवर पलंगाच्या कडेला अंग चोरून निजणारा तो माणूस पलंगाच्या मधोमध आडवा होतो, हातपाय ऐसपैस पसरतो आणि झोपी जातो. त्याच्या घोरण्याचा आवाज येत राहतो, त्यावर नामावली सुरू होते. दुसरा दिवस चित्रपटात नाही.

मला धक्का बसला होता, आणि तो दुहेरी होता. पडद्यावर पाहिले ते एक. आणि भाऊजींसारखा माणूस आम्हा सर्वांच्या तोंडावर इतके बेमालूम खोटे बोलू शकतो हे दुसरे. मी वळून त्यांच्याकडे पाहिले. चोरी उघडकीस आलेल्या माणसाचा चेहरा कसा असतो याची मला कल्पना आहे. त्यांचा चेहरा तसा नव्हता. ते टीव्हीकडे अशा नजरेने पाहत होते, जणू ते दृश्य त्यांच्याही डोळ्यांपुढे प्रथमच आले होते.

“एवढंच होतं तर लपवलंत कशाला?” बहिणीने विचारले. तिने आवाज चढवला नव्हता. “सिनेमात काय, लोक बायकोला विहिरीत ढकलतात, तेही तुम्ही मला सांगितलंत. मग हेच का नाही? तुमच्या मनात आहे का तसं काही?”

“मी हे पाहिलंच नव्हतं.”

“बाबा, प्लीज,” भाची म्हणाली.

“खरंच नाही पाहिलं. मी मधूनच उठून आलो.”

माझ्या तोंडून निघून गेले, “भाऊजी, तुम्ही? नामावली संपेपर्यंत न उठणारे तुम्ही?”

“हो, दादा. मी.” त्यांनी पिशवी खाली ठेवली.

“कुठं उठलात?” बहिणीने विचारले.

“शालीपाशी. शाल बॅगेत ठेवतो ना, तिथं.”

“का?”

ठिणगी उठून जाण्याच्या बेतात होता, परंतु दार भाऊजींनीच अडवलेले असल्यामुळे त्या बिचाऱ्याला जाता येईना. तो भिंतीवरील कॅलेंडर वाचू लागला.

“तो घडी घालतो तेव्हा त्याचं तोंड बघितलंस?” भाऊजी म्हणाले. “मोकळं झालेलं. त्याला तेव्हा बरं वाटतंय. आणि मी तिथं अंधारात बसलेलो, तर मलाही बरं वाटलं. मनात आलं, सुटला बिचारा.” ते थांबले. “मनात आलं आणि मग माझं मलाच ऐकू आलं. पुढं बसवेना. बाहेर येऊन पायऱ्यांवर बसलो. तू इकडं गोष्टीची वाट बघत असणार. अर्धी गोष्ट घेऊन कसा येणार मी? शनिवारी जिना चढता चढता खुर्ची सुचली, ती सांगितली.”

मी आयुष्यात बरेच कबुलीजबाब वाचले आहेत, न्यायालयाच्या दप्तरात भाषांतर करण्याचेच माझे काम होते. केवळ मनात घडलेला गुन्हा, तोही ज्याच्या विरुद्ध घडला त्याच्याच पलंगाशी उभे राहून, असा मान्य केलेला मी पाहिला नव्हता. भाचीने तोंडावर हात ठेवला होता. माझ्या बहिणीने या माणसाला क्षमा करावी की करू नये, याचे उत्तर मला त्या क्षणी कुणी मागितले असते तर मला देता आले नसते.

बहिणीने टीव्ही बंद करायला सांगितले. मग ती म्हणाली, “वाटलं ते वाटलं. तुमच्या जागी मी असते ना, तर मला मध्यंतरालाच वाटलं असतं.”

कुणी हसले नाही. तिनेही हसण्यासाठी म्हटले नव्हते.

“पण खुर्ची,” ती म्हणाली, आणि आता मात्र तिचा आवाज फुटला. “खुर्ची कशाला सांगितलीत? मी रोज उतरत होते हो त्या खुर्चीतून. सकाळी तुम्ही कामावर गेलात की बसायची, दोर सोडायची. वळणावर जरा भीती वाटायची. मग खालचं दार, मग ओटा, मग रस्ता. शिंप्याच्या दुकानापर्यंत जाऊन आले मी. आणि ती कुठं नव्हतीच.”

भाऊजी पलंगाच्या पायथ्याशी, जमिनीवर बसले. ओल्या कपड्यांनिशी. दार मोकळे झालेले पाहून ठिणगी उठला, उंबऱ्यापर्यंत गेला आणि परत फिरला.

“पहिला खेळ, एक विचारू? खुर्ची खोटी, मान्य. पण दीड इंची पाइप, कप्प्या, हे बोलताना तुम्ही काही हिशेब केला होता की नुसतंच ठोकून दिलंत?”

“हिशेब केलाय. नंतर जिना मापूनही बघितला. सरळ भागात चालेल. वळणावर अडते.”

“मग त्यांच्या जिन्याला वळण नव्हतं, छत उंच होतं, ते?” मी विचारले.

“आपल्याच जिन्याच्या अडचणी, दादा. तिला कशा सांगणार?”

“अशाच,” बहीण म्हणाली. “वळणावर अडते, असं सांगायचं. मी पलंगावर पडून असते, बहिरी नाही झालेले. या घरात बाहेरचं जे येतं ते तुमच्या तोंडून येतं. त्यातलं खरं कुठलं आणि माझ्यावर दया करून कुठलं, हे आता मी कसं ओळखायचं? खाली ओट्यावर त्या शिंप्याला तोंडावर बोलता. मग मलाच का पाणी घालून?”

भाऊजींनी मान हलवली. तो होकार होता की नुसता थकवा, हे मला कळले नाही. त्या संध्याकाळी ती त्यांच्याशी बोलली नाही, आणि पुढचे काही दिवसही कामापुरतेच बोलली, असे भाची मला येता-जाता सांगत होती.

शुक्रवार आला. भाऊजी चित्रपटाला जातील की नाही, याची ओट्यावर चर्चा झाली. ते गेले. शनिवारी सकाळी त्यांनी मत दिले: “जहाजाचा आहे. पाणी खरं वापरलंय, एवढं एक बरं.” दुपारी, जावे की न जावे असा विचार करीत मी वर गेलो. जिन्याच्या खालच्या सरळ भागात कठड्याला एक नवा लोखंडी पाइप बसवलेला होता. वेल्डिंगचा वास अजून गेला नव्हता. पाइप वळणापर्यंत येऊन तेथेच संपला होता.

वर खुर्ची नेहमीप्रमाणे उलटी होती, पण भाऊजी तिच्यावर जरा अवघडून बसले होते. बहीण खिडकीकडे तोंड करून होती. त्यांनी सुरुवात केली. जहाजाचा कप्तान, त्याचा धाकटा भाऊ, भावाची नवी नवरी. वादळ येते. हळूहळू त्यांचे हात चालू लागले, आवाज चढू लागला, आणि बहिणीची मान खिडकीकडून वळली. जहाजाला भोक पडते. एकच होडी उरते आणि तीत एकाचीच जागा असते. भाऊ लाटांत हात वर करून ओरडत असतो.

येथे भाऊजी थांबले. त्यांनी पत्नीकडे पाहिले. मी त्यांना इतकी वर्षे ओळखतो. त्या क्षणी त्यांच्या डोक्यात दुसरी होडी तयार होत होती, हे मला स्पष्ट दिसले. बहुधा ती लोखंडी पाइपचीच असावी.

“अहो,” बहीण म्हणाली, “बुडतोय ना तो?”

“हो.”

“मग बुडू द्या. पुढं सांगा.”

भाऊजींनी त्याला बुडवला. ते दृश्य त्यांनी इतके यथातथ्य सांगितले की भाचीचा चहा निवून गेला. शेवटी नामावलीसुद्धा सांगून झाल्यावर बहिणीने विचारले, “आणि वळणाचं काय झालं?”

“अडतंय,” भाऊजी म्हणाले.

“बरं,” ती म्हणाली, आणि त्यांच्या हातातला रिकामा कप मागून घेतला.